उघडलेल्या वस्तूंतून संगणकाचा इतिहास : वर्गात हा उपक्रम प्रथमच घेणाऱ्या शिक्षकांसाठी

जुन्या मदरबोर्डावरील, म्हणजे संगणकाच्या आतील मुख्य पाटीवरील, एखाद्या काळ्या चिपवर भिंग धरले, तर चिपच्या क्रमांकाजवळ बहुधा आणखी चार अंक छापलेले दिसतात. ते अंक ९८४७ असे असतील, तर ती चिप १९९८ सालच्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबर महिन्यात, तयार झाली असा त्यांचा अर्थ होतो. नाण्यावर किंवा शिलालेखावर कोरलेल्या सालाकडे इतिहासाचा अभ्यासक ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने या चार अंकांकडेही पाहता येते. आणि तसे पाहायला शिकलेला विद्यार्थी संगणकाच्या इतिहासातील सनावळी पाठ करत बसत नाही, तर हातातील वस्तूलाच प्रश्न विचारू लागतो.

ज्यांनी असा वर्ग पूर्वी कधी घेतलेला नाही, अशा शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण झालेले असण्याची गरज नाही. संयम, काही साधी हत्यारे आणि नोंदी ठेवण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे. मात्र एक नियम सुरुवातीपासून पाळावा, असा माझा आग्रह आहे : वस्तू आधी आणि गोष्ट नंतर. माउस कोणी शोधला हे आधी सांगून मग तो उघडायला दिला, तर विद्यार्थी सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा तेवढा शोधतात आणि बाकीचे त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही. आधी उघडू दिले, प्रश्न पडू दिले आणि मग नाव व साल सांगितले, तर ते साल त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लक्षात राहते.

काय उघडावे आणि काय कधीही उघडू नये

सुरुवातीला पाच प्रकारच्या वस्तू पुरेशा आहेत : सेलवर चालणारे भिंतीवरचे घड्याळ, गोळीचा माउस आणि प्रकाशावर चालणारा माउस, साधा कीबोर्ड, बंद पडलेली हार्ड डिस्क आणि जुना मदरबोर्ड. मी हा क्रम विचारपूर्वक ठरवला आहे. घड्याळ सर्वांत सोपे आणि निर्धोक असते, तर मदरबोर्ड सर्वांत अवघड असतो. आणि घड्याळात जे सापडते, तेच मदरबोर्डावर पुन्हा भेटते.

काही वस्तू मात्र वर्गात आणूही नयेत. काचेच्या नळीचे जुने मॉनिटर आणि दूरदर्शन संच यांत बंद केल्यानंतरही हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि संगणकाला वीज पुरवणारा धातूचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, यांतील कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे घटक, हेही तसेच घातक असतात. फ्लॅश असलेला कॅमेरा छोटा दिसला तरी त्यातील कपॅसिटरचा धक्का जबर असतो. जुन्या पातळ पडद्यांमागील प्रकाशनळ्यांत पारा असतो. फुगलेली लिथियम बॅटरी, मोबाइल आणि लॅपटॉपमधील चिकटवलेली बॅटरी, तसेच लेसर प्रिंटरचे टोनर यांपासूनही दूर राहावे. संगणकाची पेटी उघडायची असेल, तर पॉवर सप्लाय न उघडता अखंड बाहेर काढून बाजूला ठेवावा. विजेच्या सॉकेटला जोडली जाणारी आणि पुन्हा वापरायची नसलेली प्रत्येक वस्तू वर्गात आणण्यापूर्वी तिची वायर प्लगसकट कापून टाकावी. कोणीतरी उत्साहाच्या भरात ती सॉकेटमध्ये खुपसेल, ही शक्यता त्यामुळे मुळापासूनच नाहीशी होते.

तयारी

हत्यारांत चौफुली टोकाचे दोन-तीन आकारांचे स्क्रू ड्रायव्हर, सहा पाकळ्यांच्या टोकाचा टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर (हार्ड डिस्कसाठी बहुधा टी ८ मापाचा), प्लास्टिकची पातळ पट्टी, चिमटा, भिंग आणि मोजपट्टी एवढे लागते. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संरक्षक चष्मा असावा. प्लास्टिकची खिट्टी तुटून उडते तेव्हा ती कुठे जाईल याचा नेम नसतो. जुन्या बोर्डावरील डाखात शिसे असते, त्यामुळे वर्गात खाणेपिणे पूर्ण वर्ज्य ठेवावे आणि तास संपल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

हार्ड डिस्क कोणाची आहे, हे माहीत नसेल तर ती घेऊ नये. ज्याची आहे त्याची लेखी संमती घ्यावी आणि तिच्यातील माहिती वाचण्याचा प्रयत्न कोणीही करणार नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. जुन्या वस्तूचा अभ्यास आणि दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावणे यांतील सीमारेषा इतिहासाच्या वर्गातच शिकवली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

तीन किंवा चार जणांचे गट करावेत. एकाने उघडावे, एकाने प्रत्येक पायरीचा फोटो घ्यावा, एकाने लिहावे, आणि ही कामे दर तासाला बदलावीत. स्क्रूसाठी एक साधी पण फार उपयोगी युक्ती आहे : कोऱ्या कागदावर वस्तूची बाह्यरेषा काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावरील त्याच जागी चिकटपट्टीने चिकटवावा. परत जोडताना हा कागद नकाशाचे काम करतो.

वहीत तीन रकाने आखून घ्यावेत : ‘पाहिले’, ‘अनुमान’ आणि ‘वाचले’. डोळ्यांनी दिसलेले, मोजलेले किंवा बोटाला जाणवलेले पहिल्या रकान्यात जाते. त्यावरून बांधलेला तर्क दुसऱ्यात. आणि पुस्तकातून किंवा शिक्षकांकडून कळलेले तिसऱ्यात. सुरुवातीच्या वर्षांत मी हे रकाने ठेवले नव्हते, आणि तेव्हा विद्यार्थ्यांच्या वह्यांत तर्क आणि वस्तुस्थिती इतकी मिसळलेली असे, की महिन्याभराने त्यांनाच ती वेगळी करता येत नसे.

पहिला तास : घड्याळ

सेल काढून घ्यावा, मागील प्लास्टिकच्या डबीच्या खिट्ट्या पट्टीने हलकेच सोडवाव्यात आणि झाकण काढावे. आत दातेरी चाकांची रांग, बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक छोटे गोल चुंबक, काळ्या थेंबाखाली झाकलेली चिप आणि तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, चकचकीत धातूची नळी दिसते. विद्यार्थ्यांना कशालाही नाव न देता आधी चित्र काढू द्यावे आणि एकच प्रश्न विचारावा : यांपैकी वेळ नेमकी मोजते कोण?

बहुतेक जण चाकांकडे बोट दाखवतात. खरे उत्तर त्या नळीत आहे. तिच्यात क्वार्ट्झचा चिमट्याच्या आकाराचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना त्याची निमपट करत जायला सांगावे : १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६, असे करत करत पंधराव्या खेपेला बरोबर १ उरतो. काळ्या थेंबाखालची चिप नेमके हेच करते. तिच्यात एकामागे एक पंधरा टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा आलेल्या दोन स्पंदांमागे एकच स्पंद पुढे पाठवतो. शेवटी सेकंदाला एक स्पंद उरतो, तो वेटोळ्यात जातो, चुंबक अर्धा फेरा फिरते आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. चुंबकाचे तीस फेरे झाले की सेकंदकाट्याचा एक फेरा होतो. चाकांचे दाते मोजून विद्यार्थी हे गुणोत्तर स्वतः पडताळून पाहू शकतात.

इथे थोडा वेळ थांबावे, कारण या एका वस्तूत संगणकाचा गाभा उघडा पडलेला असतो. दोनपैकी एका स्थितीत राहणारे आणि खूण मिळताच स्थिती बदलणारे विद्युत मंडल, ज्याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात, ते विल्यम एक्ल्स आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन यांनी १९१८ मध्ये दोन निर्वात नळ्या वापरून तयार केले होते. पुढे संगणकांतील स्पंद मोजणारी मंडले याच कल्पनेवर उभी राहिली. वर्गात ते दाखवायला साहित्य लागत नाही. चार विद्यार्थ्यांना ओळीत उभे करावे आणि नियम द्यावा : खूण मिळाली की हात खाली असेल तर वर करायचा, वर असेल तर खाली आणायचा, आणि खाली आणतानाच शेजाऱ्याला खूण करायची. शिक्षकांनी पहिल्याला टाळीने खूण देत राहावे. सोळाव्या टाळीला चौथा विद्यार्थी हात खाली आणतो, आणि वर गेलेले व खाली असलेले हात १ आणि ० म्हणून वाचले, तर कोणत्याही क्षणी झालेल्या टाळ्यांची संख्या द्विमान पद्धतीत समोर उभी असते.

त्यानंतरच साल सांगावे. स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ, सेको कंपनीचे अ‍ॅस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीस आले आणि त्यातील स्फटिक सेकंदाला ८,१९२ कंपने करत असे. मग विद्यार्थ्यांना विचारावे : त्या घड्याळात निमपट करणारे टप्पे किती असतील? वहीतील निमपटीची यादी समोर असल्याने तेरा हे उत्तर त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

घड्याळ त्याच तासात परत जोडून चालू करून दाखवावे. परत चालू झालेली पहिली वस्तू पुढच्या सर्व तासांना धीर देते.

दोन माउस शेजारी शेजारी

गोळीचा माउस आता सहज मिळत नाही, पण अडगळीत शोधल्यास सापडतो, आणि तो शोधण्याचे कष्ट घेण्यासारखा आहे. खालची चकती फिरवली की रबराचा थर असलेली जड गोळी बाहेर येते. आत तीन छोटे रूळ दिसतात : दोन एकमेकांना काटकोनात, आणि तिसरा केवळ गोळीला त्यांच्यावर दाबून धरण्यासाठी. दोन रुळांच्या टोकांना बारीक खाचा असलेली चक्रे आहेत आणि प्रत्येक चक्राच्या एका बाजूला अवरक्त प्रकाश देणारा दिवा, तर दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा घटक असतो. चक्र फिरले की प्रकाश अडतो आणि सुटतो, आणि त्या उघडझापीची मोजणी होते.

चांगला विद्यार्थी इथे विचारतो, की उघडझाप मोजून अंतर कळेल, पण दिशा कशी कळणार? हा प्रश्न आपणहून येईपर्यंत वाट पाहावी. प्रकाश टिपणाऱ्या घटकात एकाऐवजी दोन संवेदक असतात आणि ते किंचित अंतरावर असतात. कोणत्या संवेदकावर आधी प्रकाश पडला, यावरून चक्र कोणत्या बाजूला फिरत आहे हे ठरते. पुठ्ठ्याची खाचा असलेली चकती आणि दोन बोटे वापरून हे हाताने करून पाहता येते.

आता तिसऱ्या रकान्यासाठी मजकूर द्यावा. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत पहिला माउस बनवला. तो लाकडी होता, त्याला एकच बटण होते, आणि गोळीऐवजी धातूची दोन चाके काटकोनात बसवलेली होती, जी थेट टेबलावर घासत फिरत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी तो जाहीरपणे दाखवला. त्याच वर्षी जर्मनीत टेलिफुंकन कंपनीने गोळीवर चालणारे असेच उपकरण बाजारात आणले होते. विद्यार्थ्यांनी नुकतेच हातात घेतलेले दोन काटकोनी रूळ म्हणजे त्या दोन चाकांचेच वंशज आहेत, हे त्यांच्या लगेच ध्यानात येते.

दुसरा माउस उघडल्यावर सुरुवातीला निराशा होते, कारण त्यात पाहण्यासारखे फारसे काही नसते : एक दिवा, एक भिंग आणि भिंगावर बसवलेली एक चिप. ही चिप म्हणजे अतिशय छोटा कॅमेरा असून ती टेबलाच्या पृष्ठभागाची चित्रे सेकंदाला हजाराहून अधिक वेळा टिपते आणि लागोपाठच्या दोन चित्रांतील फरकावरून माउस किती आणि कुठे सरकला हे काढते. प्रकाशावर चालणारे माउस १९८० च्या सुमारासही होते, पण त्यांना रेघा किंवा ठिपके आखलेली खास पाटी लागत असे. साध्या टेबलावर चालणारा माउस १९९९ पासून घरोघर पोहोचला, कारण इतकी चित्रे इतक्या वेगाने तुलना करून पाहणारी चिप तोवर स्वस्त झाली होती. यंत्रातील हलणारे भाग गेले आणि त्यांची जागा गणिताने घेतली. संगणकाच्या इतिहासात हे वारंवार घडलेले आहे, पण इतक्या स्वच्छ रीतीने ते क्वचितच पाहायला मिळते.

तास संपवण्यापूर्वी दुसऱ्या माउसचे बोटाने फिरवायचे चाक नीट तपासायला सांगावे. पुष्कळ माउसांत त्या चाकालाही खाचा असतात आणि दोन्ही बाजूंना दिवा व संवेदक असतात. गोळी गेली, पण तिची युक्ती चाकात टिकून राहिली.

कीबोर्ड

कीबोर्डाचे स्क्रू काढण्यास वेळ लागतो, आणि एखादा स्क्रू हमखास लेबलाखाली दडलेला असतो. झाकण निघत नसेल तर जोर लावण्याऐवजी लेबलावरून बोट फिरवून खड्डा शोधावा. आत रबराच्या घुमटांची चादर आणि तिच्याखाली पारदर्शक प्लास्टिकचे तीन थर निघतात. वरच्या आणि खालच्या थरावर वीजवाहक रेषा असतात, मधल्या थराला भोके असतात. कळ दाबली की भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते.

विद्यार्थ्यांना रेषा मोजायला सांगाव्यात. कळा शंभराहून अधिक, पण चिपपर्यंत जाणाऱ्या रेषा त्यामानाने फारच थोड्या, असे का? आठ आडव्या आणि अठरा उभ्या रेषा असल्या, तर त्यांच्या छेदांच्या १४४ जागा होतात आणि एवढ्या कळा २६ तारांत ओळखता येतात. रेषांवर पेनने माग काढत एका विशिष्ट कळीपर्यंत पोहोचण्याचे काम प्रत्येक गटाला द्यावे. तल्लीन होऊन करण्यासारखे हे काम आहे.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र कीबोर्डाचा खरा ठेवा आत नसून वर छापलेल्या शब्दांत आहे. अक्षरांची मांडणी १८७४ मध्ये विक्रीस आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या टंकयंत्राच्या मांडणीशी जवळजवळ जुळते. ‘शिफ्ट’ म्हणजे सरकवणे. १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ या टंकयंत्रात ती कळ दाबल्यावर खरोखरच यंत्राचा भाग सरके आणि खिळ्यावरील मोठे अक्षर कागदासमोर येई. ‘रिटर्न’ म्हणजे कागदाचा गाडा ओळीच्या सुरुवातीला परत नेणे. समोर पसरलेल्या प्लास्टिकच्या थरांत यांपैकी काहीच सरकत नाही आणि काहीच परत जात नाही. शब्द मात्र राहिले आहेत.

इथेच एक सावधगिरीही शिकवावी. टंकयंत्राचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून अक्षरे अशी मांडली, हे स्पष्टीकरण सर्वत्र सांगितले जाते. परंतु अभ्यासकांत त्याविषयी मतभेद असून, सुरुवातीला ही यंत्रे वापरणाऱ्या तारयंत्रचालकांच्या गरजांचा प्रभाव मांडणीवर पडला, असेही एक मत आहे. उघडलेला कीबोर्ड या वादाचा निकाल देऊ शकत नाही. वस्तू काय सांगू शकत नाही, हेही वहीत लिहायला लावावे.

हार्ड डिस्क

हार्ड डिस्कसाठी दोन तास राखून ठेवावेत. कडेचे टॉर्क्स स्क्रू काढल्यावरही झाकण हलत नसेल, तर एक स्क्रू लेबलाखाली असतो. लहान आकाराच्या, लॅपटॉपमधल्या डिस्कच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि वाकवल्यास त्यांचे तुकडे उडतात, म्हणून वर्गात मोठ्या आकाराचीच डिस्क घ्यावी आणि तिचीही तबकडी वाकवू नये. दुसरा धोका चुंबकांचा आहे. तबकडीवर फिरणाऱ्या धातूच्या हाताच्या मुळाशी असलेली दोन नियोडिमियम चुंबके एकमेकांकडे इतक्या जोराने झेपावतात, की मधे बोट सापडल्यास दुखापत होते; ती शिक्षकांनीच सोडवावीत.

आरशासारखी तबकडी दिसली की वर्गात थोडी शांतता पसरते. ती शांतता मोडण्याची घाई करू नये. मग मोजपट्टी द्यावी. साडेतीन इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिस्कची तबकडी सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे पावणेचार इंचांच्या आसपास भरते. ‘साडेतीन’ हे तबकडीचे मापच नाही. संगणकाच्या पेटीत साडेतीन इंची फ्लॉपीच्या, म्हणजे माहिती साठवण्याच्या जुन्या चुंबकीय चकतीच्या, यंत्रासाठी जेवढी जागा ठेवलेली असे, तेवढ्या जागेत बसणारी म्हणून ते नाव पडले. फ्लॉपी गेली आणि तिचे माप दुसऱ्याच वस्तूच्या नावात राहिले. पुस्तकात वाचण्यापेक्षा मोजपट्टीने मिळालेले हे ज्ञान विद्यार्थी फार काळ जपतात.

आता लेबलावरील वेग पाहावा. तो मिनिटाला ७,२०० फेरे असेल, तर सेकंदाला १२० फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा हाताच्या वाचनटोकाखाली येण्याची सरासरी प्रतीक्षा त्याच्या निम्मी असते. याच्या शेजारी १९५६ सालच्या आयबीएमच्या रॅमॅक या यंत्राचे आकडे लिहावेत : २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १,२०० फेरे, आणि सगळे मिळून सुमारे ५० लाख अक्षरांची साठवण. त्यात प्रत्येक तबकडीला स्वतंत्र हात नव्हता. एकच हात तबकड्यांच्या चळतीशेजारी वर-खाली जाऊन हव्या त्या तबकडीत शिरत असे, आणि त्यामुळे एखादी नोंद मिळायला सरासरी अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. मोठ्या कागदावर २४ इंची वर्तुळ काढून त्यावर हातातील तबकडी ठेवावी. दोन्हींतील तत्त्व एकच आहे, हे वर्गाने स्वतः म्हणेपर्यंत थांबावे.

हाताच्या टोकाशी असलेला जवळजवळ न दिसणारा कण भिंगाखाली पाहायला लावावा. अतिपातळ थरांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्रामुळे मोठ्या प्रमाणात बदलतो, हा शोध अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे लावला. १९९७ पर्यंत तो विक्रीतील हार्ड डिस्कच्या वाचनटोकांत उतरला आणि २००७ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेतून वस्तूपर्यंत नऊ वर्षे आणि वस्तूपासून पारितोषिकापर्यंत दहा वर्षे, हा हिशेब वर्गात करण्यासारखा आहे. डिस्क परत जोडण्याचा प्रयत्न करू नये. आत शिरलेली धूळ तिला पुन्हा चालू देणार नाही.

मदरबोर्ड वाचणे

आतापर्यंतचे सर्व शिक्षण इथे कामाला येते. पहिले काम असे, की बोर्डावरील सर्व चिपांवरचे चार अंकी गट शोधून त्यांची यादी करायची. पहिले दोन अंक साल आणि पुढचे दोन आठवडा, त्यामुळे शेवटचे दोन अंक ५३ पेक्षा अधिक असतील तर तो गट तारीख नाही, हे विद्यार्थी लवकरच ओळखतात. खरा सापळा वेगळा आहे. ७४०८ असा आकडा दिसला तर ती १९७४ सालची चिप नव्हे. ७४ ने सुरू होणारी ही तर्कमंडलांच्या चिपांची एक प्रसिद्ध मालिका आहे आणि ७४०८ हा त्यातील एका प्रकाराचा क्रमांक आहे. तसेच चिपवर छापलेले कॉपीराइटचे साल हे रचनेचे साल असते, निर्मितीचे नव्हे. बोर्डावर शिसेविरहित असल्याची खूण असेल, तर तो बहुधा युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर घातलेल्या निर्बंधांच्या आगेमागे किंवा नंतर बनलेला असतो.

यादी तयार झाली की वर्गापुढे प्रश्न ठेवावा : हा बोर्ड कधी बनला? बोर्ड त्यावरील सर्वांत नव्या चिपेपेक्षा जुना असू शकत नाही, हा पहिला निष्कर्ष. पण एखादा भाग नंतर बदललेला असू शकतो आणि काही चिपा कोठारात महिनोन्‌महिने पडून असू शकतात, म्हणून एकाच आकड्यावर विसंबायचे नसते. उत्खननातील थराचा काळ ठरवताना हीच तर्कपद्धती वापरली जाते, आणि दोन गटांची उत्तरे वेगळी आली तर त्यांनी आपापले पुरावे मांडून वाद घालावा, यासाठी पुरेसा वेळ ठेवावा.

मग गोल सपाट सेलच्या जवळपास शोधायला सांगावे. पुष्कळ बोर्डांवर घड्याळातील तीच चकचकीत नळी इथे पुन्हा सापडते, तोच ३२,७६८ कंपनांचा स्फटिक. संगणक बंद असतानाही दिनांक आणि वेळ राखण्याचे काम तो करतो. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून बॅटरीवर चालणारे असे घड्याळ त्या घराण्यातील संगणकांत बोर्डावरच येऊ लागले. पहिल्या तासाची चित्रे काढून शेजारी ठेवावीत.

दुसरा, मोठा स्फटिक धातूच्या चपट्या डबीत असतो आणि जुन्या बोर्डांवर त्यावर १४.३१८ असा आकडा असतो. हा आकडा मला संगणकाच्या इतिहासातील सर्वांत बोलका अवशेष वाटतो. त्याला ४ ने भागले तर सुमारे ३.५८ येतात, आणि ३.५८ मेगाहर्ट्झ (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने) ही अमेरिकी रंगीत दूरदर्शनच्या रंगसंकेताची वारंवारता आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीला रंगीत दूरदर्शन संचावर चित्र दाखवता यावे म्हणून तिच्या चौपट कंपनांचा स्फटिक निवडला गेला. त्याच स्फटिकाला ३ ने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झचा वेग दिला गेला, आणि १२ ने भागून मिळालेले स्पंद वेळ मोजणाऱ्या चिपला दिले गेले. ती चिप ६५,५३६ स्पंदांमागे एक खूण देई, म्हणून त्या संगणकाची आतली टिकटिक सेकंदाला सुमारे १८.२ वेळा होत असे. पुढच्या संगणकांचा दूरदर्शन संचाशी काही संबंध उरला नाही, तरी जुन्या प्रोग्रॅमांशी आणि जुन्या जोडण्यांशी जुळते राहावे म्हणून हा आकडा कित्येक वर्षे बोर्डांवर टिकला. हे सर्व भागाकार विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावेत.

मेमरीच्या पट्टीवर थोडक्यात बोलावे. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांत एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, साठवण्याची कल्पना रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली, आणि १९७० च्या इंटेल ११०३ या चिपमध्ये १,०२४ बिट मावत असत. ५१२ मेगाबाइटची, आठ चिपांची पट्टी हाती असेल, तर तिच्यातील एकेका चिपेत ११०३ सारख्या ५,२४,२८८ चिपांइतकी साठवण असते. त्याआधीची मेमरी तारांत ओवलेल्या चुंबकीय कड्यांची होती आणि ती डोळ्यांना दिसत असे. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकातील कायमस्वरूपी मेमरी तर कारखान्यातील स्त्री कामगारांनी कड्यांमधून आणि कड्यांबाहेरून तारा ओवून अक्षरशः विणलेली होती. तिचा फोटो दाखवावा, कारण काळ्या चिपेत पाहण्यासारखे काही उरलेले नाही.

नोंदींपासून लेखनापर्यंत

शेवटच्या तासाला प्रत्येक गटाने आपल्या वस्तूचा दोन पानी इतिहास लिहावा. अट एकच : प्रत्येक विधानाजवळ ते तीनपैकी कोणत्या रकान्यातून आले ते नोंदवायचे. ‘पाहिले’ या रकान्याचा आधार नसलेला परिच्छेद परत लिहायला द्यावा. मूल्यमापनात वस्तू परत चालू झाली की नाही याला मी महत्त्व देत नाही. अनुमान आणि निरीक्षण वेगळे ठेवले आहे का, आणि न सुटलेला निदान एक प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आहे का, हे मी पाहतो.

आवराआवर

गोल सपाट सेल तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजावेत. लहान मुलाने असा सेल गिळल्यास काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते, म्हणून एकही सेल वर्गाबाहेर जाता कामा नये. बोर्डावरील सोन्याचा मुलामा मिळवण्यासाठी काही लोक ते जाळतात किंवा आम्लात बुडवतात. त्यातून निघणारा धूर आणि उरणारे द्रव विषारी असतात, हे विद्यार्थ्यांना कारणासह सांगावे आणि निरुपयोगी भाग ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्राकडेच द्यावेत. तारीख ठरवून झालेला एक मदरबोर्ड, दोन्ही माउस आणि हार्ड डिस्कची एक तबकडी मात्र ठेवून घ्यावी. त्यांच्या डब्यावर फक्त वस्तूचे नाव लिहावे. काढलेले निष्कर्ष वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवावेत, म्हणजे पुढच्या तुकडीला ते आपले उत्तर काढून झाल्यावर पडताळून पाहता येतील.